उक्ते भाडे आणि सुटे दाम



ज्या अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हयातभर अर्थशास्त्र शिकविले, आणि शेतसारा, रेल्वेचे भाडे, किराण्याचे दर अशा रोजच्या व्यवहारातील बाबींचा उलगडा सामान्य माणसाला करून देणे हेच त्या शास्त्राचे मुख्य प्रयोजन होय, अशी निष्ठा बाळगली. तेव्हा त्यांच्या नावाने बोलावयास उभ्या राहिलेल्या माणसाने दूरच्या सिद्धांतांची मांडामांड करण्यापेक्षा, ज्या किमतीशी आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची कधी ना कधी गाठ पडते अशा एखाद्या किमतीचा विचार करावा, हे मला उचित वाटले. ती किंमत म्हणजे विमानाचे भाडे. हे भाडे उक्ते असावे, म्हणजे आसन, सामान, भोजन, तिकीट बदलण्याची मुभा हे सारे एकाच रकमेत अंतर्भूत असावे, की यांतील प्रत्येक बाब सुटी करून तिचा दाम स्वतंत्र आकारावा, हा वाद जगभर सुमारे पन्नास वर्षे चालू आहे. या वादात कंपन्यांचा नफा, सरकारचा कर आणि स्पर्धेचे नियम यांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु ज्याच्या खिशातून हा सगळा व्यवहार चालतो तो प्रवासी या दोन पद्धतींचे मोल आपल्या मनाशी कसे करतो, हा प्रश्न बहुधा ओझरताच हाताळला जातो. आज तोच प्रश्न मध्यवर्ती धरण्याचा माझा मानस आहे.

उक्त्या भाड्याचे मूळ सरकारी नियमनात सापडते. अमेरिकेत १९३८ साली स्थापन झालेले नागरी विमानवाहतूक मंडळ देशांतर्गत भाडी ठरवून देत असे. आंतरराष्ट्रीय मार्गांवर तेच काम 'आयाटा' ही विमानकंपन्यांची संघटना निरनिराळ्या सरकारांच्या संमतीने करीत असे. आणि आपल्याकडे तर १९५३च्या कायद्याने सगळी नियमित विमानवाहतूकच दोन सरकारी महामंडळांच्या स्वाधीन झालेली होती. दर एकदा हुकमाने बांधला गेला म्हणजे विक्रेत्यांची चढाओढ दरात प्रकट होऊ शकत नाही, ती मालाच्या थाटात प्रकट होते. सामान्य वर्गाला २० किलो आणि पहिल्या वर्गाला ३० किलो सामान, गरम जेवण, पेय, वर्तमानपत्र हे सर्व भाड्यातच धरलेले असे. आणि १९७०च्या सुमारास अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने आपल्या जंबो विमानांत प्रवाशांच्या मनोरंजनार्थ पियानोसुद्धा बसविला होता.

ही चढाओढ कोणत्या थराला जात असे याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९५८ साली अटलांटिक महासागरावरील मार्गांवर नवा 'इकॉनॉमी' वर्ग सुरू झाला, तेव्हा भाडे कमी म्हणून जेवणही साधे, थंड आणि अल्पखर्चिक सँडविचपुरतेच असावे असे आयाटाच्या सभासदांनी आपसांत ठरविले. परंतु स्कँडिनेव्हियन कंपनीने पावाच्या एकाच चकतीवर मांस, मासळी, चीज आणि भाज्या यांची अशी काही रचना करावयास आरंभ केला की, त्या पदार्थाला सँडविच म्हणावे की पूर्ण भोजन म्हणावे, असा वाद उत्पन्न झाला. अमेरिकन कंपन्यांनी तक्रार गुदरली, तिची रीतसर सुनावणी झाली, आणि अखेर स्कँडिनेव्हियन कंपनीस दंड भरावा लागला. भाड्याची रक्कम गोठविली की पावाच्या चकतीवर काय ठेवावे याचेही नियमन करावे लागते, इतका या सर्व बाबींचा परस्परांशी निकट संबंध असतो.

नियमनाचे बंधन नसतानाही विक्रेता अनेक वस्तूंची मोट बांधून ती एका किमतीला का विकतो, याचे स्पष्टीकरण जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली चित्रपटांच्या व्यवसायासंबंधी लिहिताना केले. त्याचा विमानाला लागू पडणारा एक काल्पनिक दाखला घेऊ. पुण्याहून दिल्लीस जाणाऱ्या विमानात दोन प्रवासी आहेत. एक वकील, जे सर्वोच्च न्यायालयातील काम आटोपून त्याच रात्री परतणार आहेत. दुसरी विद्यार्थिनी, जी दिल्लीस शिकावयास निघाली आहे आणि जिच्याजवळ वर्षाचे सामान आहे. वकीलसाहेबांना गरम जेवणाचे मोल ५०० रुपये वाटते आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाचे २०० रुपये. विद्यार्थिनीला जेवणाचे २०० आणि सामानाचे ५००. कंपनीने दोन्ही बाबी सुट्या करून प्रत्येकी ५०० रुपये दाम ठेवला तर प्रत्येकजण एकेक बाब घेईल आणि १,००० रुपये मिळतील. दाम २०० ठेवला तर दोघेही दोन्ही घेतील, पण वसुली ८०० रुपयांचीच होईल. उलट दोन्ही बाबी मिळून ७०० रुपये भाड्यातच मिळविले तर दोघेही ते देतील आणि १,४०० रुपये हाती येतील. प्रवाशांच्या आवडी परस्परविरुद्ध असल्या की मोट बांधणे विक्रेत्याच्या किफायतीचे ठरते, ते असे.

या हिशेबात पुरवठ्याचा खर्च शून्य धरला आहे हे मात्र विसरता कामा नये. सामान वाहून नेण्यास इंधन लागते, ते चढविण्या-उतरविण्यास माणसे लागतात, आणि जे जेवण अर्धे खाऊन परत जाते त्याचाही खर्च कंपनीला पडतोच. ज्या प्रवाशाला एखादी बाब तिच्या खर्चाइतकीही मोलाची वाटत नाही, त्याच्या गळ्यात ती केवळ भाड्यात धरलेली आहे म्हणून बांधणे हा उभय पक्षी अपव्यय होय. अ‍ॅडम्स आणि येलेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ साली हा विचार पुढे नेला, आणि संपूर्ण मोट व संपूर्ण सुटे दाम यांच्या दरम्यान एक मिश्र पद्धती असते, जीत ग्राहकाला मोटही घेता येते आणि सुटी बाबही घेता येते, तिचे महत्त्व दाखवून दिले. त्या मिश्र पद्धतीकडे मी पुढे येणार आहे.

सुट्या दामांचे युग १९७७च्या सप्टेंबरात फ्रेडी लेकर यांनी लंडन ते न्यूयॉर्क अशी 'स्कायट्रेन' विमानसेवा ५९ पौंडांत सुरू केली तेव्हापासून मोजण्यास हरकत नाही. जेवण हवे असेल तर त्याचे पैसे वेगळे, ही त्यांची पद्धत होती. पुढच्याच वर्षी, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड कान हे नागरी विमानवाहतूक मंडळाचे अध्यक्ष असताना, अमेरिकेतील भाडी नियंत्रणमुक्त करणारा कायदा संमत झाला. आणि १९८१ साली नेवार्कहून निघालेल्या 'पीपल एक्स्प्रेस' कंपनीने पोटातील सामानाच्या प्रत्येक नगास ३ डॉलर आणि कॉफीचे पैसे निराळे अशी आकारणी रूढ केली. भारतात हे पर्व कॅप्टन गोपीनाथ यांच्या 'एअर डेक्कन'ने २००३ साली सुरू केले. आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातील सामान्य माणूस हे त्या कंपनीचे बोधचिन्ह होते, आणि ते यथार्थही होते. कारण ज्याने जन्मात विमानात पाऊल ठेवले नव्हते अशा माणसाला, तुला जेवण नको, वर्तमानपत्र नको, फक्त जागा हवी, तर तेवढ्याचेच पैसे दे, असे प्रथमच कोणीतरी म्हणत होते. सुट्या दामांच्या पद्धतीचे हे ऋण मी मनःपूर्वक मानतो. तिने विमानतळाचा दरवाजा अशा लाखो लोकांना उघडून दिला, ज्यांच्यासाठी उक्त्या भाड्याच्या काळात तो बंद होता.

परंतु २००८ साली या पद्धतीचे स्वरूप पालटले. खनिज तेलाचा भाव त्या वर्षी पिंपामागे १४० डॉलरच्या वर चढला, आणि 'अमेरिकन एअरलाइन्स'ने, म्हणजे स्वस्त सेवेचा दावा न करणाऱ्या एका जुन्या आणि मोठ्या कंपनीने, सामानाच्या पहिल्याच नगावर १५ डॉलरची आकारणी बसविली. इतर बहुतेक मोठ्या कंपन्या तिच्या मागोमाग गेल्या. पुढे तेल उतरले, आकार मात्र उतरला नाही. आज अमेरिकेतील कंपन्या केवळ सामानाच्या आकारणीतून वर्षाला ७०० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम गोळा करतात. या आकारणीमागे तेलाखेरीज आणखी दोन कारणे होती. एक असे की, तेथे तिकिटावर साडेसात टक्के केंद्रीय कर असून सामानाच्या वेगळ्या आकारावर तो लागत नाही, म्हणून भाड्यातील रक्कम सामानाच्या खात्यावर टाकणे कंपनीच्या फायद्याचे असते. दुसरे असे की, तिकिटे संगणकाच्या पडद्यावर चढत्या भाड्याच्या क्रमाने मांडली जाऊ लागली होती, आणि ज्याचे मूळ भाडे थोडेही अधिक त्याचे नाव यादीत खाली जात होते. या काळाचा अभ्यास ब्रुक्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की सामानाचा आकार वेगळा काढल्यावर भाडी उतरली खरी, पण आकाराच्या मानाने कमी उतरली. म्हणजे हातात एखादी पिशवी घेऊन जाणाऱ्यास काहीशी सवलत मिळाली, आणि सामान नेणाऱ्यावर एकंदर बोजा वाढला.

येथे न्यायाचा एक युक्तिवाद नेहमी पुढे केला जातो, आणि तो वरवर पाहता बिनतोड भासतो. जो सामान नेत नाही त्याने दुसऱ्याच्या पेट्यांचा खर्च का सोसावा? तत्त्वतः हे मान्य करावयास हवे. परंतु आपल्या देशात बिनसामानाचा प्रवासी कोण असतो, याचाही विचार व्हावयास हवा. सकाळी जाऊन रात्री परतणारा, आणि ज्याचे तिकीट बहुधा त्याची पेढी किंवा कंपनी काढते, तो बिनसामानाचा. आणि मोठ्या पेट्या घेऊन निघतो तो शिकावयास जाणारा विद्यार्थी, बदली झालेला नोकरदार, बाळंतपणासाठी माहेरी निघालेली लेक, किंवा रत्नागिरीचा वा गोव्याचा आखाती देशांत कामाला असलेला माणूस. आखाती मार्गांवर काही कंपन्या आजही ३० किलोपर्यंत सामान भाड्यातच धरतात. सामानावाचून हा प्रवास होऊच शकत नाही, हे त्या कंपन्यांना पक्के ठाऊक आहे, आणि त्या मार्गावर भाड्याचा विचार करताना प्रवासी आधी किलो विचारतो. कोणती बाब वेगळी काढावी याचा निवाडा म्हणूनच प्रवाशाच्या परिस्थितीतून व्हावा लागतो.

आता मी माझ्या मुख्य प्रतिपाद्याकडे वळतो. माझे म्हणणे असे आहे की, प्रवासी या नावाखाली दोन माणसे नांदतात: एक तिकीट विकत घेणारा, आणि दुसरा प्रत्यक्ष प्रवास करणारा. देह एकच, परंतु दोघांमध्ये कधी तीन आठवड्यांचे तर कधी तीन महिन्यांचे अंतर असते, आणि त्या दोघांची मूल्यमापनाची रीत परस्परांहून भिन्न असते. घेणारा पडद्यासमोर बसून रकमांची तुलना करतो. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त आकडे असतात. प्रवास करणारा पहाटे चार वाजता रांगेत उभा असतो. त्याच्या कडेवर मूल असते, हातात औषधाची पिशवी असते, आणि त्याला त्या घटकेला सर्वांत अधिक मोलाची वाटते ती निश्चिंतता. सुटे दाम घेणाऱ्याला प्रसन्न करतात, उक्ते भाडे प्रवास करणाऱ्याला. हा भेद लक्षात घेतला की या विषयातील पुष्कळशा परस्परविरोधी निरीक्षणांचा मेळ बसतो.

उदाहरणार्थ, १९९८ साली मॉरविट्झ, ग्रीनलीफ आणि जॉन्सन यांनी दाखवून दिले की, एखादी किंमत मूळ रक्कम अधिक आकार अशी विभागून सांगितली तर ग्राहकाच्या मनात एकूण किंमत प्रत्यक्षाहून कमी राहते आणि मागणी वाढते. उलट रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली मनातील जमाखर्चाविषयी लिहिताना असे प्रतिपादिले होते की, अनेक तोटे सुटे सुटे सोसण्यापेक्षा ते एकत्र सोसणे माणसाला सुसह्य वाटते. एकदाच दिलेले ५,००० रुपये जेवढे बोचतात त्याहून ३,५००, मग ६००, मग ५००, मग ४०० असे दिलेले तेच ५,००० रुपये अधिक बोचतात. सुटे दाम आवडतात असे एक निरीक्षण म्हणते आणि नकोसे होतात असे दुसरे सांगते; यांतील खरे कोणते? दोन्ही खरी आहेत. पहिले घेणाऱ्याविषयी आहे, ज्याला पुढच्या आकारांचा अजून स्पर्श झालेला नाही; दुसरे प्रवास करणाऱ्याविषयी आहे, ज्याला ते एकामागून एक मोजावे लागतात. प्रेलेक आणि लोवेनस्टाइन यांनी १९९८ सालीच याला आणखी एक जोड दिली: सहलीचे पैसे सहलीनंतर देण्यापेक्षा आधीच देऊन मोकळे होणे लोकांना आवडते, कारण मग सहलीतील सुखाला देण्याची छाया शिवत नाही. यालाच मी निश्चिंतता म्हणतो. हीही एक सेवाच आहे. आणि भाड्याची मोट सोडली की सर्वप्रथम जी नाहीशी होते पण कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही, ती हीच.

एकच आकारणी कशी मांडली आहे यावरही मोल बदलते. थेलर यांनी १९८० साली दाखविले होते की, रोख पैसे देणाऱ्याला सूट आणि उधारीच्या कार्डाने देणाऱ्याला जादा आकार, या दोहोंत अंकगणिताचा काहीही भेद नसला तरी लोक सूट गमावणे सहन करतात आणि जादा आकारावर रागावतात. विमानकंपन्यांच्या इतिहासात याची साक्ष मिळते. अमेरिकेत २००८ साली सामानावर आकार बसला तो जादा आकार म्हणून, आणि त्याविषयीची कटुता अजून सरलेली नाही. 'साउथवेस्ट' या कंपनीने सामान विनाआकार नेण्याचे धोरण चालू ठेवून त्याचीच जाहिरात केली, आणि २८ मे २०२५पर्यंत म्हणजे तब्बल सतरा वर्षे ती जाहिरात फळली. उक्त्या भाड्याला बाजारात किंमत होती याचा याहून मोठा पुरावा नको. भारतात २०२१च्या फेब्रुवारीत नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने याच गोष्टीला निराळे वळण दिले. १५ किलोंची जी सवलत चालत आलेली होती ती तशीच राहू द्यावी, आणि जो प्रवासी केवळ ७ किलोंचे हातसामान घेऊन जाण्यास राजी असेल त्याला भाड्यात सूट देण्याची कंपनीस मुभा असावी, असा तो आदेश होता. हिशेब तोच, परंतु येथे सामानवाल्याला दंड झाल्याची भावना होत नाही आणि बिनसामानाच्या माणसाला काही मिळाल्याचे समाधान लाभते. ही सूट प्रत्यक्षात किती कंपन्यांनी किती मोकळ्या हाताने दिली हा प्रश्न वेगळा; आदेशाची रचना मात्र मनुष्यस्वभाव जाणणाऱ्याची होती, हे कबूल केले पाहिजे.

निश्चिंतता गमावण्याचा अर्थ काय हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेस शिकावयास निघालेल्या मुलाच्या घरी आदल्या रात्री जावे. प्रत्येकी २३ किलोंच्या दोन पेट्या, असा या प्रवासाचा परिपाठ आहे. दिवाणखान्यात पेट्या उघड्या पडलेल्या असतात. वडील हातात धरावयाचा वजनकाटा पट्ट्याला अडकवून पेटी जमिनीपासून चार बोटे उचलून धरतात, आणि काट्यावर २४.१ दिसले की सर्वांची तोंडे उतरतात. मग थालीपिठाच्या भाजणीची पुडी दुसऱ्या पेटीत जाते, लोणच्याच्या बरणीला चौथे प्लास्टिक गुंडाळलेले असते ते काढून तीनच ठेवले जाते, पुस्तके हातसामानात जातात आणि आजीने दिलेला लोखंडी तवा अखेर घरीच राहतो. मध्यरात्रीपर्यंत हे चालते, आणि तरीही विमानतळावरचा काटा घरच्या काट्याशी जुळेल ना, ही धास्ती उरतेच. त्या घराला विचारा की दोन किलो अधिक न्यावयाची नुसती मुभा किती रुपयांची. तो आकडा तिकीट काढताना त्यांनी सांगितला असता त्याच्या कितीतरी पट निघेल. किलो तेच, माणसे तीच. मोल कोणत्या घटकेला विचारले यावर उत्तर अवलंबून आहे.

आसनांच्या निवडीतही हेच घडते. वेब चेक-इन करताना पडद्यावर विमानाचा नकाशा उघडतो. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने, आणि प्रत्येक चौकोनावर रंग. पुढच्या रांगांवर मोठा आकडा, आणीबाणीच्या दाराजवळ पाय पसरावयास जागा म्हणून आणखी मोठा, खिडकीला एक, वाटेलगतच्याला दुसरा. आणि ज्यांवर आकडाच नाही अशी काही मधली आसने विमानाच्या मागच्या अंगाला विखुरलेली. एकट्या माणसाला हा व्यवहार गैर वाटत नाही. खिडकी हवी तर त्याने पैसे द्यावे. परंतु आईवडील आणि पाच वर्षांचे मूल असे तिघे निघाले असतील तर एकत्र बसणे ही त्यांची आवड नव्हे, गरज आहे. आणि त्या गरजेवर आकडा लिहिलेला पाहून जो संताप येतो त्याचे मूळ रकमेत नसते. आपल्या महासंचालनालयाने २०१३ साली आसननिवड, भोजन, विश्रामकक्ष, सामान इत्यादी बाबींचे दाम वेगळे घेण्यास परवानगी दिली, पिण्याचे पाणी मात्र त्यांतून वगळले. आणि २०२४च्या एप्रिलात बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरील निदान एका पालकाशेजारी जागा मिळाली पाहिजे असे फर्मावले. या दोन अपवादांत मला एका संपूर्ण तत्त्वाचे बीज दिसते.

ते तत्त्व शोधण्यासाठी क्षणभर रुळांवर उतरू. १९३० साली सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला भोजनडबा आहे, आणि तेथे जो जे मागवील त्याचे पैसे तो तेव्हाच देतो. याविषयी पुणेकरांनी कधी गाऱ्हाणे केल्याचे ऐकिवात नाही, किंबहुना त्या डब्यातील आम्लेटाचे कौतुकच होते. उलट राजधानी एक्स्प्रेसच्या भाड्यात भोजन आरंभापासून अंतर्भूत होते. २०१७ साली ते ऐच्छिक झाले आणि तिकीट काढतानाच जेवण हवे की नको ते सांगावे लागू लागले. डेक्कन क्वीनमध्ये सुटे दाम सुखाने का नांदतात? कारण तेथे घेणारा आणि प्रवास करणारा एकाच घटकेला एकाच बाकावर बसलेले असतात: भूक लागली आहे, समोर पदार्थ आहे, किंमत लिहिलेली आहे, आणि नको असेल तर घरचा डबा पिशवीत आहे. विमानात सुट्या दामाने विकल्या जाणाऱ्या जेवणाविषयी प्रवाशांची तक्रार तुलनेने सौम्य का असते याचेही हेच कारण आहे. पेटी आणि आसन यांची गोष्ट निराळी. त्यांची गरज नंतर कळते, त्यांना पर्याय नसतो, आणि ऐन वेळी विमानतळावर तीच बाब अधिक महाग मिळते.

यावरून कोणतीही बाब सुटी करावी की नाही हे ठरविण्यासाठी मी तीन कसोट्या सुचवितो. पहिली: ही बाब प्रवाशाला आपली आपण आणता येते काय, किंवा तिच्यावाचून भागविता येते काय? दुसरी: तिची गरज तिकीट काढताना त्याला यथार्थ कळू शकते काय? तिसरी: ती नाकारल्याने केवळ त्याचीच गैरसोय होते, की इतरांनाही त्रास पोचतो? जेवण तिन्ही कसोट्यांना उतरते. खिडकीजवळची जागाही उतरते. विश्रामकक्ष तर निर्विवाद उतरतो. मुलाचे पालकाशेजारचे आसन पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीवर नापास होते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४च्या सप्टेंबरात स्पेनमधील 'व्हुएलिंग' कंपनीच्या प्रकरणात असाच विवेक केला: पोटात जाणाऱ्या सामानाचा दाम वेगळा घेण्यास हरकत नाही, परंतु वाजवी वजनाचे व आकाराचे हातसामान हे प्रवाशाच्या वाहतुकीचेच अभिन्न अंग असून त्यावर आकार घेता येणार नाही. वाहतुकीच्या कराराला एक गाभा असतो, आणि तो गाभा विभाज्य नाही, हे तेथे विधिवत मान्य झाले. पिण्याचे पाणी, लहान मुलाचे पालकाशेजारी बसणे, वाजवी हातसामान, चाकाच्या खुर्चीची मदत, आणि मोबाइल न वापरणाऱ्या वृद्धाला काउंटरवर मिळणारा बोर्डिंग पास, या बाबी माझ्या मते त्या गाभ्यात येतात.

तेव्हा मी उक्त्या भाड्याचा सरसकट पुरस्कार करतो असा कोणी समज करून घेऊ नये. सर्व बाबी पुन्हा एका मोटेत बांधल्या तर पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाला उघडलेला दरवाजा पुन्हा लोटला जाईल, आणि ते पाप मला नको आहे. मला मिश्र पद्धती हवी आहे. 'एअर न्यूझीलंड'ने २०१० साली आपल्या जवळच्या मार्गांवर चार पायऱ्या ठेविल्या: नुसते आसन, आसन आणि सामान, त्यावर भोजनादी सर्व, आणि त्याहून वरची एक. प्रत्येक पायरी स्वतः पूर्ण आहे आणि प्रवासी आपली पायरी आपण निवडतो. अशा मांडणीत निश्चिंततेला दाम असतो, आणि ज्याला ती हवी त्याला ती विकत घेता येते.

मात्र निवड न्याय्य होण्यासाठी निवडणाऱ्याला पूर्ण रक्कम आधी दिसली पाहिजे. युरोपीय संघाने २००८च्या नियमाने आणि अमेरिकेने २०१२ साली कर धरून संपूर्ण भाडे दाखविण्याची सक्ती केली, ही चांगली सुरुवात होती. परंतु ऐच्छिक म्हटलेले आकार त्या रकमेबाहेरच राहिले. माझी सूचना अशी की, तिकीट विकणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी प्रवाशाला त्याची गरज विचारावी: माणसे किती, मुले किती, पेट्या किती, एकत्र बसावयाचे आहे काय, आणि मग सर्व कंपन्यांच्या रकमा त्या गरजेसकट, चढत्या क्रमाने मांडाव्या. असे झाले म्हणजे घेणाऱ्याच्या कानाशी प्रवास करणाराही उभा राहील आणि दोघांचा निर्णय एक होईल. दुसरी सूचना ही की, घरून आगाऊ दिलेला आकार आणि काउंटरवर घेतलेला आकार यांतील फरक प्रत्यक्ष वाढीव खर्चाच्या प्रमाणात असावा. गाफील माणसाला दंड करणे हा वाहतुकीचा व्यवसाय नव्हे. आणि तिसरी ही की, वर सांगितलेला गाभा नियमात एका ठिकाणी, एका कलमात, स्पष्ट शब्दांत लिहिला जावा; निरनिराळ्या परिपत्रकांत विखुरलेली तरतूद प्रवाशाच्या उपयोगी पडत नाही. १९३४चा विमानकायदा जाऊन २०२५च्या जानेवारीपासून भारतीय वायुयान अधिनियम अमलात आलेला आहे. नव्या कायद्याखालील नियमांची घडण ही या कलमासाठी योग्य वेळ होय.

किंमत ही केवळ देवघेवीची रक्कम नसते. दुसऱ्याच्या अडचणीची आपण किती कदर करतो याची ती जाहीर कबुलीही असते. जेथे माणसाला निवड आहे तेथे त्याने हवे तेवढेच घ्यावे आणि तेवढेच मोजावे, हे मी शंभर वेळा मान्य करीन. जेथे निवड नाही तेथे मात्र आकड्याने तिचा आभास उत्पन्न करणे अन्याय्य आहे, आणि तो अन्याय दूर करावयाचा तर आपण प्रवाशांनीही मूळ भाड्याच्या आकड्याला भुलण्याचे सोडून पूर्ण प्रवासाचा हिशेब मागितला पाहिजे, न मिळाल्यास महासंचालनालयाकडे लेखी तक्रार केली पाहिजे, आणि ती तडीस नेली पाहिजे. मागणी करणारे संख्येने पुरेसे झाले म्हणजे दरपत्रके बदलतात, असा आजवरचा अनुभव आहे.